दुसऱ्या नळींतील काडतूस

नीतिशास्त्रावरील ग्रंथ चाळूं लागलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. असत्य, चौर्य, विश्वासघात, हिंसा अशा ठळक पापांची चर्चा त्यांत विपुल असते. परंतु माणसाच्या हातून रोजच्या रोज घडणाऱ्या बारीकसारीक चुकांना त्यांत फारसें स्थान नसतें. मोजमापांत केसभर फरक पडला, आंकडा लिहितांना हात चुकला, गांठ मारली पण ती पुरती आवळली गेली नाहीं, अशा गोष्टींना आपण हलगर्जीपणा म्हणतों किंवा नजरचूक म्हणून सोडून देतों. त्या नीतीच्या प्रांतांत मोडतात कीं केवळ कौशल्याच्या, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. चुकीचा लहानमोठेपणा आणि तिचा नैतिक भार हीं एकाच मापानें मोजतां येतात काय, हा प्रश्न आम्हांस गेले कित्येक महिने सतावीत आहे. आणि तो आमच्यापुढें आला तो अगदीं अनपेक्षित दिशेनें, म्हणजे बंदुकीच्या काडतुसांतून.

बंदूक आम्हीं उभ्या जन्मांत हातीं धरलेली नाहीं, आणि प्राणिहत्येची आवड तर मुळींच नाहीं. परंतु आमचा एक जुना विद्यार्थी इंजिनियर होऊन अमेरिकेंत टेक्सासकडे स्थायिक झाला आहे. गेल्या हिंवाळ्यांत तो आईला भेटण्यासाठीं पुण्यास आला असतां एके सायंकाळीं आमच्याकडे जेवावयास आला. त्याच्याजवळ एक जुनी इंग्रजी दुनळी रायफल आहे आणि तिचीं काडतुसें तो घरीं स्वतःच्या हातानें भरतो. जेवणानंतर सुपारी कातरतां कातरतां त्यानें जी हकीकत सांगितली, तिच्यावरून आमचा वाद मध्यरात्रीपर्यंत चालला. ती हकीकत कळण्यासाठीं त्या हत्याराची रचना थोडी समजून घेणें अवश्य आहे. वाचकांनीं तेवढा धीर धरावा, अशी विनंति आहे.

दुनळी रायफल म्हणजे एकाच दस्त्यावर शेजारीं शेजारीं बसविलेल्या दोन नळ्या. वाघ, गवा, हत्ती असलें जनावर अंगावर येत असतां पहिली गोळी अपुरी पडली, तर नवें काडतूस आंत घेण्यास अवसर नसतो. दुसरी नळी तयार असावी, एवढ्याचसाठीं या हत्याराचा जन्म. आपली समजूत अशी कीं या दोन नळ्या अगदीं समांतर असतील. वस्तुतः त्या तशा नसतात. उजवी नळी मध्यरेषेच्या उजवीकडे असल्यामुळें ती उडतांच धक्क्यानें सारी बंदूक वर आणि उजवीकडे वळूं लागते. डावी उडाली कीं वर आणि डावीकडे. गोळी नळींत असते तो काळ सेकंदाच्या सुमारें पांचशेव्या भागाइतका. पण तेवढ्यांतही हें वळणें सुरू झालेलें असतें. म्हणून कारागीर दोन्ही नळ्यांचीं तोंडें मुद्दाम एकमेकींकडे किंचित् झुकवून बसवितो. धक्का बाहेर ओढतो, झुकाव आंत ओढतो, आणि दोहोंचा मेळ बसला म्हणजे दोन्ही गोळ्या पन्नास वा शंभर यार्डांवर जवळ जवळ लागतात. हा मेळ केवळ गणितानें साधत नाहीं. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील कारागीर नळ्यांच्या तोंडांमध्यें पाचर घालीत, गोळ्या झाडून पाहत, डाख पुन्हां वितळवून पाचर हलवीत, आणि लक्ष्याचा कागद समाधान देईपर्यंत हाच क्रम चालवीत.

हा समेट होई तो एका ठराविक भरतीपुरता. .४७० मापाच्या रायफलीची भरती म्हणजे ५०० ग्रेन वजनाची गोळी आणि ७५ ग्रेन कॉर्डाइट. गोळीचा वेग सेकंदास सुमारें २१५० फूट. ही भरती नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर कोरून ठेवण्याची चाल होती. वेग याहून वाढला, तर गोळी लौकर बाहेर पडते, बंदुकीला वळावयास वेळ उरत नाहीं, आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे व डाव्या नळीची उजवीकडे जाऊन मार्गाची फुली पडते. वेग घटला, तर उलट गोळ्या एकमेकींपासून फांकतात. म्हणजे अशा बंदुकींत भरती बदलली असतां नुसता जोर कमीअधिक होत नाहीं. दोन नळ्यांमधील समजूतच मोडते.

या हत्याराचा आपल्या देशाशीं संबंध बराच जवळचा आहे. कॉर्डाइट इंग्लंडांत १८८९ सालीं निघालें, आणि १८९८ त रिग्बी या लंडनच्या पेढीनें .४५० मापाचें 'नायट्रो एक्सप्रेस' काडतूस बाजारांत आणलें. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थान सरकारनें या मापाच्या रायफली देशांत आणण्यास बंदी केली; कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचें मापही तेंच असल्यानें दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगीं पडेल, अशी धास्ती होती. त्या बंदीला वळसा घालण्यासाठीं इंग्रज कारागिरांनीं .४६५, .४७०, .४७५ अशीं नवीं मापें काढलीं. शिवाय कॉर्डाइट उष्णतेनें अधिक जोर करतें. म्हणून हिंदुस्थानांत वापरण्यासाठीं कमी भरतीचीं काडतुसें निराळीं निघत. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' (१९४४) लिहिणारा जिम कॉर्बेट जेफरी पेढीची .४५०/४०० दुनळी वापरी, हें त्याच्या वाचकांस ठाऊकच असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें आपल्याकडील शिकारीचें दार लागलें, आणि लागलें तें योग्यच झालें. परंतु त्या बंदुका जगांत शिल्लक राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील कायनॉक कंपनीनें असल्या मोठ्या काडतुसांचें उत्पादन थांबविलें, तेव्हां बंदूक आहे पण काडतूस नाहीं अशी स्थिति होऊन मालकांना तीं घरीं भरण्याची विद्या शिकावी लागली. पुढें तयार काडतुसें पुन्हां मिळूं लागलीं, तरी ही विद्या मागें राहिली ती राहिलीच.

आतां मुख्य गोष्ट. पितळी कोशांत दारू घातली कीं वरून गोळी दाबून बसवावयाची. ती किती खोल बसवावी? खोल बसविली, तर दारूला आंत जागा कमी उरते आणि दाब लौकर चढतो. फार बाहेर ठेवली आणि ती नळींतील मळसूत्री चरांना आधींच टेकली, तर सुरुवातीसच अडथळा होऊन दाब पुन्हां चढतो. मधला मार्ग सापडावयास हवा. जुने कोश कॉर्डाइटच्या लांब काड्यांसाठीं बेतलेले असल्यानें आजच्या दाणेदार दारूनें ते पुरे भरत नाहींत. दारू पुढेंमागें सरकूं नये म्हणून वर शेवरीच्या कापसासारख्या पदार्थाचा बोळा घालतात, आणि गोळीच्या खोलीवर तो बोळा किती दाबला जाईल हेंही अवलंबून असतें. खटक्याच्या रायफलीला पोटाशीं काडतुसांची पेटी असते; काडतूस लांब झालें तर पेटींत शिरत नाहीं, आणि पेटीच 'थांब' म्हणते. दुनळीला पेटी नसते. काडतूस बोटांनीं सरळ नळींत सोडावयाचें. तेथें थांब म्हणणारें दुसरें कोणी नाहीं. भरणाऱ्याचा स्वतःचा हात काय तो रखवालदार.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखी वाटली. पहिली नळी उडते तेव्हां दुसऱ्या नळींत एक काडतूस वाट पाहत बसलेलें असतें. धक्क्यानें बंदूक मागें जाते, तिच्याबरोबर कोशही मागें ओढला जातो, पण जड गोळी जागच्या जागीं राहूं पाहते. म्हणजे कोशाच्या हिशेबानें ती पुढें सरकते. असें होऊं नये म्हणून गोळीच्या अंगावर एक खांच असते आणि कोशाचें तोंड तींत आवळून बसवितात. ही आवळणी ढिली असेल, तर घरीं टेबलावर मोजलेली खोली दुसऱ्या बाराच्या वेळीं राहतेच असें नाहीं. आणि ज्यासाठीं दुनळी घ्यावयाची, तो बार दुसराच.

आतां आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. त्यानें पूर्वींच्या शिसें भरलेल्या गोळीऐवजीं निखळ तांब्याची गोळी घेतली. वजन तेंच, दारू तीच, काडतुसाची एकूण लांबीही तीच. कागदावर झाडून पाहिलें तों फुली! उजवीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे.

"सर, मी फक्त गोळी बदलली होती," तो म्हणाला.

आम्हीं म्हटलें, "अरे, 'फक्त' हा शब्द तर्कशास्त्राच्या तासाला तुम्हां मुलांना आम्ही कधीं वापरूं देत नव्हतों."

तो हंसला. तांबें शिशाहून हलकें. म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि बाहेरची लांबी तीच ठेवली तर ती वाढ आंत जाते. एक बदलतांना त्यानें तीन गोष्टी बदलल्या होत्या: गोळीचा धातु, गोळीची खोली आणि दारूची जागा. मग त्यानें एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली. गोळी बाहेर घेऊन योग्य खांचेंत बसविली, तर फुली थोडी मिटली. दारू किंचित् कमी केली, तेव्हां ती पुरी मिटली. म्हणजे खोलीचा परिणाम खरा होता, पण मुख्य नव्हता. एवढ्या मोठ्या आणि कमी दाबाच्या कोशांत अर्ध्या मिलिमीटरचें महत्त्व फार नाहीं, हें त्यानें स्वतः मोजून पाहिलें होतें आणि आम्हांसही तें प्रामाणिकपणें सांगितलें.

यानंतर तो एका मित्राबरोबर आफ्रिकेंत रानरेड्याच्या शिकारीस जाण्याच्या तयारीस लागला. जाण्याच्या दोन दिवस आधीं वीस काडतुसें मोजतांना त्यांपैकीं पांच त्याला अर्ध्या मिलिमीटरनें आंखूड आढळलीं. मित्र म्हणाला कीं, तूंच सिद्ध केलें आहेस कीं एवढ्यानें कांहीं होत नाहीं, चल. आणि ह्यानें काय केलें? "सर, सगळीं मोडलीं. वीसच्या वीस. रात्रभर बसून पुन्हां भरलीं."

त्या रात्रीं आम्हीं मित्राची बाजू घेतली. आमचें म्हणणें असें पडलें कीं हा विवेक नव्हे, हें सोवळें. ज्याचा परिणाम नाहीं हें आपणच प्रयोगानें ठरविलें, त्याच्यासाठीं झोंप मोडणें म्हणजे कावळा शिवला म्हणून पुन्हां आंघोळ करणें होय. विवेकाला प्रमाण असावें लागतें. सर्वच लहान गोष्टींची भीति बाळगणारा माणूस अखेर कोणत्याच गोष्टीची नीट काळजी घेऊं शकत नाहीं. हें आमचें म्हणणें आजही आम्हांस चूक वाटत नाहीं. परंतु तें या ठिकाणीं लागू नव्हतें, आणि तें कसें हें आम्हांस आमच्या पुस्तकांनीं नव्हे, तर आमच्या कुटुंबानें दाखविलें. इतका वेळ ती आंतबाहेर करीत ऐकत होती. ती म्हणाली, "लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशीं बुरशीचा एक ठिपका दिसला, तर ठिपका काढून टाकून आपण लोणचें वाढतों का? ठिपका एवढासा असतो. पण दादरा ओला राहिला कीं चमचा ओला गेला, तें पाहिल्यावांचून बरणीला हात लावीत नाहीं."

विद्यार्थ्यानें एकदम मान डोलविली. "काकू, अगदीं हेंच! खोली अर्ध्या मिलिमीटरनें चुकली याची मला भीति नव्हती. ती कां चुकली हें मला ठाऊक नव्हतें, याची होती." मोडून पाहतां कारण सांपडलें. वारंवार वापरलेल्या कोशांची लांबी सारखी राहिली नव्हती. जे आंखूड होते त्यांचें तोंड खांचेपर्यंत नीट पोंचलेंच नव्हतें. आवळणी ढिली, म्हणून हाताळतांना गोळी आंत सरकली. जी आंत सरकते ती धक्क्यानें बाहेरही सरकेल. चूक खोलींत नव्हती, पकडींत होती. खोलीनें फक्त ती बोलून दाखविली.

येथें आम्हांस आमच्या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर मिळालें असें वाटतें. चुकीचा भार तिच्या आकारावर ठरत नाहीं, आणि पुष्कळदां तिच्या प्रत्यक्ष परिणामावरही ठरत नाहीं; ती कशाची खूण आहे, आणि ती खूण दिसल्यावर आपण काय केलें, यावर तो ठरतो. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. जहाज जुनें आहे, डागडुजी हवी आहे, अशी शंका त्याच्या मनांत येते. परंतु तो ती दडपून टाकतो, इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीही होईल अशी स्वतःची समजूत घालतो, आणि अगदीं शुद्ध मनानें प्रवाशांना निरोप देतो. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं तो दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीही तितकाच दोषी ठरला असता. कारण हातीं असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. हा निर्णय आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों, आणि दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी विचारी कीं, जहाज बुडालेंच नाहीं तर दोष कशाचा? आतां कोणी विचारलें, तर आम्ही त्यास ढिल्या आवळणीचीं तीं पांच काडतुसें दाखवूं.

क्लिफर्डला अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें १८९६ त उत्तर दिलें. त्याचा मथितार्थ असा कीं आयुष्यांत असे प्रसंग येतात जेथें पुराव्याची वाट पाहत बसणें हाच एक निर्णय ठरतो. तेथें विश्वास ठेवून पाऊल टाकावें लागतें. हेंही खरें आहे. गवतांतून रानरेडा बाहेर पडल्यावर कॅलिपर काढून कोणी काडतूस मोजीत नाहीं. पण आम्हांस वाटतें कीं या दोघांचें भांडण पुष्कळसें वेळेचें आहे. टेबलाशीं बसलें असतां संशय हें कर्तव्य. रानांत उभें राहिलें असतां विश्वास हें कर्तव्य. जो टेबलाशीं संशयाला झोंपवितो, त्याचा रानांतला विश्वास उसना असतो. आणि त्या उसनवारीची फेड पुष्कळदां दुसऱ्यालाच करावी लागते.

कोणी म्हणेल कीं ज्या कर्माच्या मुळाशींच हिंसा आहे, त्यांतील काटेकोरपणाला नीति म्हणणें म्हणजे कसायाच्या सुरीची धार पाहून त्याला दयाळू म्हणणें होय. हा आक्षेप आम्हीं त्यालाही बोलून दाखविला, आणि तो थोडा वेळ गप्प बसला. आमचें मत आम्ही लपवीत नाहीं: त्यानें गेलें नसतें तर आम्हांस अधिक संतोष वाटला असता. परंतु एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नाला रद्द करीत नाहीं. शिकारीस जावें कीं न जावें, हा एक प्रश्न. गेल्यावर कसें वागावें, हा दुसरा. जखमी रानरेडा दाट गवतांत शिरला, म्हणजे त्याच्यामागें सर्वांत पुढें जातो तो माग काढणारा स्थानिक माणूस. त्यानें ना काडतूस भरलेलें असतें, ना तें मोजून पाहण्याची संधि त्याला कधीं मिळालेली असते. जनावरानें तर या खेळांत भाग घेण्याचें कबूलही केलेलें नसतें. आपल्या लहान चुकीचें ओझें कोणाच्या माथीं पडणार, हें पाहिल्यावांचून ती चूक लहान म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचत नाहीं.

तो आफ्रिकेहून परत आल्यावर त्याचें पत्र आलें. पहिल्याच गोळीनें काम झालें. दुसरी झाडावीच लागली नाहीं. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, "म्हणजे सर, ती रात्र फुकट गेली असें मित्र म्हणतो." त्याला आम्हीं काय उत्तर लिहिलें तें सांगण्यापूर्वीं एक कबुली देणें आम्हांस भाग आहे. फार वर्षांपूर्वीं परीक्षक असतां एका उत्तरपत्रिकेंतील गुणांची बेरीज आमच्या हातून चुकली होती. फरक दोन गुणांचा. पुढच्या पानांवर तो ध्यानांत आला, आम्हीं तो दुरुस्त केला, मुलाचें नुकसान झालें नाहीं. परंतु त्याच रात्रीं, तितक्याच थकलेल्या डोळ्यांनीं तपासलेल्या आणखी चाळीस उत्तरपत्रिका त्या गठ्ठ्यांत होत्या. त्या आम्हीं पुन्हां मोजल्या नाहींत. चूक दोन गुणांची होती, ती सुधारली, संपलें, अशी आम्हीं आमची समजूत घातली आणि गठ्ठा सकाळच्या टपालानें पाठवून दिला. त्यांत कांहीं बिघडलें होतें कीं नव्हतें, हें आम्हांस आतां कधींच कळणार नाहीं.

म्हणून आम्हीं त्याला इतकेंच लिहिलें कीं, रात्र फुकट गेली नाहीं. दुसऱ्या नळींत जें काडतूस न उडतां परत आलें, तें नीट भरलेलें होतें हें तुला ठाऊक आहे. आम्हांला आमच्या चाळीस उत्तरपत्रिकांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.